पहिल्या पुस्तकाआधी आणि नंतर

एखाद्या घरात पहिल्यांदाच कोणी कथा-कविता लिहू लागते, तेव्हा त्या लिहिणाऱ्याला प्रतिभेपेक्षा साध्या गोष्टींची चणचण अधिक भासते. कामधंदा आटोपल्यावर कागद घेऊन बसण्याइतका वेळ, लिहिलेले वाचून ‘हा भाग पुन्हा लिही’ असे सांगणारा जाणता माणूस आणि छपाईचा खर्च, या त्या गोष्टी. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालते तिथे त्या न मागता मिळतात. कोणी काका मासिकात असतो, कोणी प्रकाशकाच्या ओळखीचा असतो, पुस्तकांचे कपाट तर घरातच असते. गावकुसाबाहेरच्या वस्तीत, तांड्यावर, मोहल्ल्यात किंवा पाड्यावर यांतले काहीच नसते. तिथून आलेल्या नव्या लेखकाला ते बाहेरून मिळवून द्यावे लागते. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय व आशियाई वंशाच्या नव्या लेखकांसाठी पाठ्यवृत्त्या आणि मार्गदर्शनाच्या योजना आखल्या जातात, त्या याच कारणाने. महाराष्ट्रात हीच गोष्ट दलित, भटके-विमुक्त, आदिवासी, मुस्लिम आणि कष्टकरी घरांतल्या लेखकांना लागू पडते. इथल्या प्रयत्नांचा इतिहास मात्र परदेशातल्या अनेक नामांकित योजनांपेक्षा जुना आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग मराठवाड्यात घडला.

लातूर जिल्ह्यातले जळकोट या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातला, वाड्या-तांड्यांचा हा भाग १९९९ साली स्वतंत्र तालुका झाला. पाऊस दगा देतो, जमीन हलकी, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बरीच कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. शाळेत निबंध चांगला लिहिणारा मुलगा किंवा मुलगी इथेही असतेच. पण त्या निबंधापासून छापील पुस्तकापर्यंतची वाट उदगीर, लातूर, नांदेड असे टप्पे घेत जाते. साहित्यसंस्थांची मोठी केंद्रे असलेले छत्रपती संभाजीनगर तर अडीचशे किलोमीटरहून लांब. ही वाट कोणकोणत्या काळात कोणी सोपी केली, हे पाहिले की आजच्या योजनांचे मोल आणि त्यांच्यातली उणीव दोन्ही कळतात.

मराठीत या गोष्टीची पहिली ठळक नोंद १८५५ सालची आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये त्या वर्षी दोन भागांत छापून आला. लेखिका तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. शाळा, शिक्षक आणि छापायला तयार असलेले नियतकालिक, एवढ्या तीन गोष्टी जुळून आल्या आणि पुण्याच्या वस्तीतली एक मुलगी लेखिका झाली. त्याच वर्षी खुद्द जोतीरावांना उलटा अनुभव आला. पेशव्यांच्या काळी ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेतला काही भाग इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवण्यात आला होता. त्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवले आणि कमिटीने ते नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडावे लागले. सार्वजनिक पैसा होता, योजना होती, लेखकही होता; नव्हते ते निवड करणाऱ्यांचे मन. अनुदानाच्या कोणत्याही योजनेत हस्तलिखित कोण वाचणार हा प्रश्न रकमेपेक्षा मोठा असतो, तो असा.

पुढच्या शतकात पैसा आणि मार्गदर्शन एकत्र आल्याचे सर्वांत परिचित उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या विद्यार्थ्याला हेरले, आपले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याचे नाव पोचवले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. संस्थानिकांच्या या देणग्यांचे गुण गाताना एक गोष्ट सहसा निसटते. सयाजीरावांची शिष्यवृत्ती बडोद्याच्या नोकरीच्या कराराशी बांधलेली होती. शाहूंची मदत एका पत्राच्या उभारणीला होती आणि त्या पत्रात काय लिहायचे हे संपादकानेच ठरवले. दोन्ही मदती मोलाच्याच, पण लेखकाच्या हाती पडणारा मोकळेपणा सारखा नव्हता.

आश्रयदात्याच्या अटी किती आवळू शकतात, याचा दाखला त्याच सुमारास अमेरिकेत मिळतो. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२०च्या दशकात कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांची मोठी पिढी उदयाला आली. तिच्यामागे मुख्यतः दोन नियतकालिके उभी होती. ‘क्रायसिस’च्या वाङ्मयीन संपादक जेसी फॉसेट यांनी १९२१ साली कोवळ्या वयाच्या लँग्स्टन ह्यूज यांची कविता छापली. ‘ऑपॉर्च्युनिटी’ने स्पर्धा भरवल्या आणि १९२५ साली ह्यूज यांच्याच कवितेला पहिले बक्षीस दिले. पुढे शार्लट ऑसगुड मेसन या धनाढ्य गोऱ्या बाईंनी ह्यूज आणि झोरा नील हर्स्टन या दोघांना पोसले. हर्स्टन यांच्याशी १९२७ मध्ये लेखी करार झाला: महिना दोनशे डॉलर, आणि त्यांनी दक्षिणेत फिरून गोळा केलेल्या लोककथांच्या साऱ्या साहित्यावर मालकी मेसनबाईंची. काय छापायचे आणि केव्हा, हेही बाईंच्या संमतीने. ह्यूज यांनी १९३०च्या सुमारास हा संबंध तोडला. त्याउलट जूलियस रोझेनवाल्ड फंडाने १९२८ ते १९४८ या काळात दिलेल्या पाठ्यवृत्त्यांचा लाभ ह्यूज, हर्स्टन, राल्फ एलिसन आणि जेम्स बाल्डविन अशा अनेकांना झाला. पैसा एका व्यक्तीच्या मर्जीतून येतो की जाहीर नियमांनी चालणाऱ्या संस्थेकडून, याने लेखनाचा सूर बदलतो.

हार्लेमची ही हकिगत मराठवाड्याला परकी नाही. ती इथे पोचवणारे लोकही मराठवाड्यातल्या शिक्षणसंस्थांशीच जोडलेले होते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या या प्रदेशात खेड्यांतल्या दलित मुलांना कॉलेजचे दार प्रथमच उघडे झाले. महाविद्यालयाच्या नागसेनवन या परिसरात वर्गाइतकेच महत्त्व वसतिगृहाला होते. दोन वेळचे जेवण, झोपायला जागा, ग्रंथालय आणि आजूबाजूला आपल्यासारखीच मुले. प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः नाटककार होते. त्यांचे ‘युगयात्रा’ १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी मोठ्या जनसमुदायापुढे झाले. नंतर प्राचार्य झालेले डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते आणि तिथले कृष्णवर्णीयांचे साहित्य त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवले. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी तर अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

१९६७ साली या वर्तुळातून ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले आणि लवकरच त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले. संपादक डॉ. गंगाधर पानतावणे. पुढची पन्नासेक वर्षे, २०१८ मधल्या आपल्या निधनापर्यंत, त्यांनी ते चालवले. भांडवल काय होते? वर्गणीदार, दिवाळी अंकाच्या थोड्याफार जाहिराती आणि प्राध्यापकाच्या पगारातली पदरमोड. पाठ्यवृत्ती देण्याची ऐपत असल्या नियतकालिकाला कुठून असणार? पण नव्या लेखकाला जे हवे असते त्यातले सर्वांत दुर्मीळ ते त्याने दिले. आलेला मजकूर कोणीतरी बारकाईने वाचत होते, आणि छापला तर तो समजून घेणारा वाचकही मिळत होता. शिवाय ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे वेगवेगळ्या गावी भरत. तिथे पहिल्यांदाच कविता वाचणारा शिक्षक, कारकून किंवा विद्यार्थी नामवंत समीक्षकांच्या पंक्तीला बसे. औरंगाबादच्याच ‘मराठवाडा’ या वृत्तपत्राने, अनंत भालेराव संपादक असताना, १९६९च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर परिसंवाद छापला. आपल्या लेखनाला नाव आहे, त्यावर चर्चा होते, हे त्यामुळे नवख्या लेखकांना कळले. मार्गदर्शन म्हणजे एका गुरूने एका शिष्याला शिकवणे एवढाच अर्थ घेतला तर नागसेनवनात काय घडले ते लक्षात येणार नाही. तिथे वसतिगृह, ग्रंथालय, प्राध्यापक, त्रैमासिक आणि मेळावा यांची साखळी होती, आणि तिचे कडे न्‌ कडे मुलांच्या माहितीचे होते.

या साखळीतून काय निपजले, ते प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ या आत्मकथनात दिसते. सोनकांबळे तेव्हाच्या उदगीर तालुक्यातले. जळकोटचा परिसरही त्या काळी उदगीरच्याच कक्षेत मोडे, त्यामुळे पुस्तकातली माणसे, भूक आणि बोली या भागातल्या वाचकाला ओळखीची वाटतात. आईवडील लहानपणीच गेले, बहिणीच्या आधाराने मुलगा वाढला, हाल सोसत शिकला, मिलिंद महाविद्यालयात पोचला आणि पुढे प्राध्यापक झाला. त्याच्या आठवणी एकदम पुस्तकरूपाने आल्या नाहीत. त्या सुट्या सुट्या ‘अस्मितादर्श’मध्ये छापून येत गेल्या आणि १९७९ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. नवख्या लेखकाच्या दृष्टीने ही पद्धत फार सोयीची. अडीचशे पानांचे पुस्तक लिहायचे म्हटले तर नोकरी करणारा माणूस बिचकतो. दहा पानांची एक आठवण मात्र रविवारच्या दिवसात लिहून होते. ती छापून आली की पत्रे येतात, आणि दुसरी लिहायला बळ मिळते. पुस्तकाचा तुटक, आठवणीगणिक सरकणारा घाटही बहुधा या छापण्याच्या रीतीतूनच आला असावा. समीक्षकांनी त्याची रचना सैल असल्याचे म्हटले तरी गोष्ट सांगण्याची ती ग्रामीण तऱ्हा वाचकांना रुचली.

नांदेडमध्ये हीच भूमिका वेगळ्या रीतीने पीपल्स कॉलेजने बजावली. प्राचार्य नरहर कुरुंदकर यांचे वाचन अफाट, बोलणे त्याहून अफाट, आणि तरुण लेखकांच्या लेखनावर तासन्‌तास चर्चा करण्याची त्यांची तयारी असे. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला जोडलेले त्यांचे दीर्घ पत्र प्रसिद्ध आहे, पण अप्रसिद्ध लेखकांच्या पुस्तकांनाही त्यांनी अशाच गांभीर्याने प्रस्तावना लिहिल्या. ‘वाटा-पळवाटा’सारखे नाटक लिहिणारे दत्ता भगत याच महाविद्यालयात प्राध्यापक होते. प्रस्तावना हा मराठीतला मार्गदर्शनाचा जुना प्रकार आहे. ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना लाभली आणि कामाठीपुऱ्याचे नावही न काढणारा वाचक नामदेव ढसाळांच्या कवितेकडे वळला. मात्र प्रस्तावनेचा आधार दुधारी असतो. नवा लेखक नामवंताच्या शिफारशीशिवाय वाचण्याजोगा नाही, असा समज त्यातून पक्का होतो, आणि पुष्कळ कवितासंग्रहांत कवितांपेक्षा आशीर्वादांचीच पाने अधिक दिसतात.

मुंबई-पुण्याकडे पैशाचा प्रश्न सोडवण्याची एक निराळी युक्ती निघाली. ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने सत्तरच्या दशकात सभासदांकडून आगाऊ वर्गणी घेऊन स्वस्तात पुस्तके काढायला सुरुवात केली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके तिनेच काढली. म्हणजे या लेखकांना पाठबळ सरकारचे नव्हते, कोणा शेटजीचेही नव्हते. ते न पाहिलेल्या वाचकांचे होते. पुण्यात विलास वाघ आणि उषा वाघ यांच्या ‘सुगावा’ने कमी किमतीत परिवर्तनवादी पुस्तके आणि मासिक चालवले. बायकांच्या बाबतीत तर नियतकालिक हाच पहिला आधार ठरला. फलटणच्या बेबी कांबळे कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या. फलटणला स्थायिक झालेल्या विदुषी मॅक्सिन बर्नसन यांनी आग्रह धरला तेव्हा तो मजकूर १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आला आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने निघाले. बर्नसनबाईंचा तो आग्रह झाला नसता तर तो मजकूर आणखी किती वर्षे तसाच दडून राहिला असता कोण जाणे.

लातूरचे सर्वांत गाजलेले पुस्तक तर याहीपेक्षा अवघड वाटेने आले. धनेगावचे लक्ष्मण गायकवाड हे उचल्या म्हणून शिक्का बसलेल्या जमातीतले, लातूरच्या सूतगिरणीतले कामगार. कामगार संघटना आणि भटक्या-विमुक्तांची चळवळ हीच त्यांची लिहिण्याची शाळा. ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्याला मिळाला. चळवळीने अनेकांना लेखक केले, कारण सभेत बोलायचे, पत्रक लिहायचे, अर्ज करायचे, यांतून भाषा घोटली जाते. चळवळ ओसरली की ही फुकटची शाळाही बंद होते, आणि नव्वदीनंतर मराठवाड्यात तसे झाले.

त्यानंतर भार पडला तो सरकारी योजनांवर. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष. मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचे एकही पुस्तक आलेले नाही अशांसाठी आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय, ललित लेखन अशा प्रकारांतली हस्तलिखिते मागवली जातात, तज्ज्ञ ती वाचतात आणि निवडलेल्या हस्तलिखिताच्या प्रकाशनाला अनुदान मिळते. राज्यभरातल्या अनेक लहान गावांतले पहिले कवितासंग्रह या योजनेवर निघाले आहेत. आतल्या पानावरची मंडळाची ओळ पाहून ते लगेच कळते. मंडळ नवलेखकांसाठी कार्यशाळाही घेते. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार आहेत: कवितेसाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, कथेसाठी ग. ल. ठोकळ यांच्या, ललित गद्यासाठी ताराबाई शिंदे यांच्या. नवलेखक योजना उत्तम, पण तिचा पैसा पुस्तकासाठी असतो; लेखकाच्या पोटासाठी नव्हे.

ही गोष्ट हिशेबाने पाहावी. ऐंशी पानांचा कवितासंग्रह म्हणजे सोळा पानी पाच फर्मे. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी हा सगळा खर्च पाचशे प्रतींवर पसरायचा. प्रकाशक नवा कवी म्हटल्यावर तो खर्च कवीकडूनच घेतो, किंवा शंभर-दोनशे प्रती त्याच्या गळ्यात घालतो. रीतसर मानधन मिळाले आणि दीडशे रुपये किमतीच्या पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या गेल्या तरी दहा टक्क्यांनी लेखकाच्या हाती साडेसात हजार येतात. तेवढ्या प्रती विकल्या जात नाहीत, हे वेगळे सांगायला नको. जळकोटच्या तांड्यावरच्या पदवीधर मुलाने पदरचे पैसे घालून पुस्तक काढले तर ते पाहुण्यारावळ्यांत आणि शिक्षकांत वाटले जाते आणि उरलेला गठ्ठा माळवदाच्या खोलीत पडून राहतो. सार्वजनिक ग्रंथालये हा खरे तर मोठा ग्राहक. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याने अनुदानित ग्रंथालयांचे जाळे उभे आहे. पण अपुऱ्या अनुदानात घाऊक सवलतीचे संच घेण्याकडे त्यांचा कल असतो, आणि त्यात नांदेड-लातूरच्या लहान प्रकाशकाच्या एकुलत्या कवितासंग्रहाची डाळ शिजणे कठीण. ग्रंथालयांनी आपल्या जिल्ह्यातल्या नवलेखकांच्या चार-चार प्रती विकत घ्यायचे ठरवले तरी एखाद्या पुरस्काराहून अधिक काम होईल.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेली प्रधानमंत्री युवा लेखक मार्गदर्शन योजना, जी ‘पीएम-युवा’ म्हणून ओळखली जाते, पैसा आणि मार्गदर्शन यांची सांगड घालते. तीस वर्षांखालचे लेखक देशभरातून स्पर्धेने निवडले जातात. पहिल्या फेरीत ते पंचाहत्तर होते. महिना पन्नास हजार रुपये सहा महिने, म्हणजे एकूण तीन लाख, मार्गदर्शक लेखक आणि नॅशनल बुक ट्रस्टकडून प्रकाशन, पुढे दहा टक्के मानधन. वर दाखवलेल्या साडेसात हजारांशेजारी ही रक्कम ठेवली की फरक कळतो. सहा महिने कामाला न जाता लिहिता येते, ही चैन मराठी लेखकाला क्वचितच मिळाली आहे. अडचण विषयाची. पहिल्या फेरीला स्वातंत्र्यलढ्यातले अप्रसिद्ध वीर असा विषय ठरवून दिला होता, दुसरीला लोकशाही. आपल्या तांड्याची, आपल्या आईच्या ऊसतोडीची गोष्ट सांगायची असलेल्या मुलीला यात जागा शोधावी लागते. मेसनबाईंच्या अटींइतकी ही अट जाचक नाही. पण जिला मुळात स्वतःचेच सांगायचे आहे, तिच्यासाठी ती अटच. मुंबईच्या यशवंतराव चव्हाण सेंटरची साहित्यातली ‘शरद पवार इन्स्पायर फेलोशिप’ लेखकाने स्वतः ठरवलेल्या लेखनप्रकल्पाला मार्गदर्शक देते. त्या दृष्टीने ती अधिक जवळची.

पुरस्काराने काय होते आणि काय होत नाही, हे साहित्य अकादेमीच्या युवा पुरस्कारावरून कळते. पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी २०११ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराची रक्कम पन्नास हजार आहे. बंजारा समाजातले मराठवाड्यातले कवी वीरा राठोड यांना तो २०१५ मध्ये ‘सेन सायी वेस’साठी मिळाला. तुळजापूरचे देविदास सौदागर शिंपीकाम करत लिहीत होते. तयार कपड्यांच्या लाटेत शिंप्याच्या धंद्याचे काय झाले यावरची त्यांची ‘उसवण’ २०२४ची मानकरी ठरली. जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांना २०१८ मध्ये ‘फेसाटी’साठी तो मिळाला. पण २०२० च्या टाळेबंदीत त्यांची हंगामी प्राध्यापकी गेली आणि पुन्हा शेतमजुरीला जावे लागले. वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या तेव्हा कुठे नवी नोकरी मिळाली. पन्नास हजार रुपये खर्च व्हायला किती दिवस लागतात? घड्याळी तासिकेवर काम करणाऱ्या हजारो नेट-सेट उत्तीर्ण तरुणांत मराठीचे लिहिते हात बरेच आहेत, आणि त्यांच्यासाठी कायम नोकरी हीच सर्वांत मोठी पाठ्यवृत्ती ठरेल. तोवर पुष्कळांचा आधार म्हणजे पीएच.डी.साठीची, राज्य शासनाच्या बार्टीसारख्या संस्थांची अधिछात्रवृत्ती. कविता आणि कादंबरी त्या काळात, प्रबंधाच्या आडून लिहिली जाते.

इंग्लंडमध्ये या दुखण्याचे निदान आधी केले गेले आणि मग उपाय योजला गेला. तिथल्या मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या कविता-याद्यांत कृष्णवर्णीय आणि आशियाई कवींचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असल्याचे ‘फ्री व्हर्स’ या अहवालाने दाखवले. त्यानंतर कादंबरीकार बर्नार्डिन एव्हरिस्टो यांनी ‘द कम्प्लीट वर्क्स’ ही योजना काढली. मोजके कवी निवडायचे आणि प्रत्येकाला दीर्घकाळ एकेका ज्येष्ठ कवीच्या हाती सोपवायचे. वार्सन शायर, सारा हाऊ यांसारखी नावे त्यातून पुढे आली. अमेरिकेत १९९६ पासून ‘केव्ह कानेम’ ही संस्था कृष्णवर्णीय कवींची निवासी शिबिरे घेते. दोन्हींकडे पुस्तक छापण्यापेक्षा पुनर्लेखनावर भर आहे.

मराठीत नेमके हेच कडे तुटलेले आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे तज्ज्ञ हस्तलिखित पसंत किंवा नापसंत ठरवतात; ओळीओळीवर बसून लेखकाबरोबर काम करणारा संपादक मिळत नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांना तेवढी सवड नाही आणि लहान प्रकाशकाकडे संपादक ठेवण्याइतका पैसा नाही. मग उदगीर-जळकोटच्या बोलीतले ‘काय करलालास’, ‘कामून’ हे मुद्रितशोधक प्रमाण मराठीत आणून ठेवतो, किंवा उलट लेखक सगळाच मजकूर बोलीत लिहितो आणि तो कुठे थांबवावा हे त्याला कोणी सांगत नाही. कानडी, तेलुगू, उर्दू आणि गोरबोलीच्या शेजारात वाढलेली ही भाषा जाणणारा संपादक नांदेड किंवा लातुरातच मिळू शकतो. म्हणून अशा योजनेचे ठिकाण मुंबई नसून नांदेडचे विद्यापीठ किंवा त्याचे लातूर उपकेंद्र असायला हवे. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष भारत सासणे. त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही तिथेच झाले. जळकोटच्या वाचकांना आणि होतकरू कवींना दोन्ही मांडव एकाच फेरीत पाहता आले. मांडव उठल्यानंतर मात्र मागे राहिलेल्या हस्तलिखितांचे वाचन करणारी कायमची व्यवस्था उभी राहिली नाही. खर्चाच्या हिशेबाने पाहिले तर एका संमेलनाच्या मांडवापेक्षा तीन जाणत्या संपादकांचे वर्षाचे मानधन कमीच भरेल.

तोपर्यंत या भागातल्या नव्या लेखकासाठी वाट पूर्वीसारखीच तुकड्यातुकड्यांची आहे. आधी नियतकालिक: मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ किंवा एखादा स्थानिक दिवाळी अंक. तिथे दोन-चार कविता किंवा एखादी आठवण छापून येणे हे अनुदानाच्या अर्जालाही उपयोगी पडते. मग मंडळाच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवून मुदतीत हस्तलिखित पाठवणे. टंकलिखित, पाने क्रमांकित, आणि पाठवण्यापूर्वी महाविद्यालयातल्या एखाद्या वाचणाऱ्या प्राध्यापकाकडून तपासलेले. पस्तिशीच्या आत पुस्तक आले तर युवा पुरस्कारासाठी ते पात्र ठरते. दुसऱ्या पुस्तकासाठी मात्र यांतली बहुतेक दारे बंद होतात: नवलेखक अनुदान आणि प्रथम प्रकाशनाचे पुरस्कार एकदाच मिळतात, आणि वय उलटले की उरते ते नेहमीचे प्रकाशनाचे गणित. ‘आठवणींचे पक्षी’ ज्या रीतीने आठवणीगणिक वाढत गेले, ती रीत लेखकाचे वय विचारत नव्हती आणि त्याचे हे कितवे पुस्तक तेही नाही.